सहा सुटी फुले

"ताई, यातलं एक फूल सोडवून द्याल मला?"

भिंगवालीने शीट टेबलावर सरकवले आणि डिंकताईच्या हातातला कुंचला खळीच्या वाटीत पडला. पडला म्हणजे दांड्यासकट बुडालाच. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असे कधी झाले नव्हते.

"कुठलं?" तिने विचारले. शीट समोर दिसत होते, तरी विचारले.

"हेच. तांबड्या फाइलीतलं."

तांबड्या फाइलीत वाळक्या वनस्पतींच्या या संग्रहालयातले सगळ्यांत मोलाचे नमुने असत. एखाद्या वनस्पतीला जगात पहिल्यांदा नाव मिळते, तेव्हा ते ज्या वाळक्या रोपावरून दिले ते रोप जपून ठेवतात. नाव पुढे शंभर पुस्तकांत छापले गेले, तरी वाद निघाला की सगळे येऊन त्या एका कागदापुढे उभे राहतात. जन्मदाखलाच म्हणा ना. या शीटवर सुतळीएवढ्या आडव्या खोडावर पाच सुरकुतलेल्या गोट्या ओळीने बसल्या होत्या, प्रत्येक गोटीच्या डोक्यावर एकेक जाड पान होते, एक उघडी फुलदांडी होती आणि उजव्या कोपऱ्यात सहा सुटी फुले. सगळे तिनेच चिकटवलेले.

"नकोच ना मॅडम. सत्तावीस वर्षं झाली त्याला. तुटलं तर?"

"तुमच्या हातून? सगळे म्हणतात, डिंकताईंच्या हातून फुलपाखराचा पंखही मोडायचा नाही."

खरे तर डिंकताई डिंक वापरतच नसे. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, आणि जंगलातून वाळून आलेली झाडे पांढऱ्या जाड कागदावर चिकटवायची, हे तिचे काम. जाड खोडे चिकटत नाहीत, ती दोऱ्याने टाचायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला डिंकताई म्हटले आणि ते नाव मात्र कायमचे चिकटले.

भिंगवालीचे नावही असेच पडलेले. तीस-बत्तीस वर्षांची ही संशोधक बाई तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या गावाहून आली, गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवून. चालायची म्हणजे धावायचीच. आल्या दिवसापासून तिने ऑर्किडच्या एकाच प्रजातीची चार कपाटे उपसायला घेतली होती. प्रजाती म्हणजे घराणे, आणि जाती म्हणजे त्यातली भावंडे. या घराण्याचे लॅटिन नाव भलते लांब, म्हणून संग्रहालयात सगळे त्याला नुसते 'गोटी' म्हणत. गोट्या झाडाच्या अंगाखांद्यावर वाढतात, पण बांडगुळासारखे झाडाचे रक्त पीत नाहीत. बिचाऱ्या नुसत्या बसायला जागा मागतात. गोटीत पाणी साठवतात आणि वाऱ्यापावसावर जगतात. कुठली गोटी कुणाची सख्खी आणि कुणाची चुलत, हे ठरवायला भिंगवाली आली होती.

"हे एक शीट अख्खं घर उलटंपालटं करतंय हो," ती म्हणाली. "एका गटाचं पान जाड, गोटी कोनेदार आणि फुलाचा ओठ तुळतुळीत. दुसऱ्या गटाचं पान पातळ, गोटी गोल आणि ओठाला केसांची झालर. आणि इथे बघा, पान-गोटी पहिल्याची आणि ओठ दुसऱ्याचा! या एका झाडावरून तुमच्या मोठ्या सरांनी दोन्ही गट एकत्र केले. आता मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. देता ना?"

नाही म्हणायला कारण हवे. डिंकताईने टिपकागदाची पट्टी ओली केली, पिळली आणि सगळ्यांत खालच्या फुलाभोवती दाबून बसवली.

"दहा मिनिटं लागतील," ती म्हणाली आणि उठून व्हरांड्यात गेली.

एरवी ती दहा मिनिटे शीटपाशीच बसायची. आज तिला बसवेना. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस फरश्या, ती चालत राहिली. आतून भिंगवालीचे गुणगुणणे ऐकू येत होते, आणि ते कानावर आले की ती पावले भराभर उचलत होती. कारण जे भिंगवालीला भिंगातून दिसणार नव्हते, आणि मोठ्या सरांनाही मरेपर्यंत दिसले नाही, ते तिला सत्तावीस वर्षे माहीत होते. ती फुले त्या झाडाची नव्हतीच.

तेव्हा तिच्या लग्नाला सात महिने झाले होते. नवरा याच संग्रहालयात, पण तो कधी खोलीत नसायचा. मोठ्या सरांच्या, म्हणजे संग्रहालयाच्या तेव्हाच्या प्रमुखांच्या, मोहिमांवर झाडावर चढणारा माणूस म्हणून त्याला घेतले होते. दोर नाही, पट्टा नाही. खोडाला नुसती मिठी मारायचा आणि बघता बघता वरच्या पानांत दिसेनासा व्हायचा. सगळे त्याला खारोबा म्हणत. त्या खेपेला मोहीम सात आठवडे लांबली. गोळा केलेल्या झाडांचे गठ्ठे, कागदाच्या एकेका घडीत एकेक झाड, पुढे आले होते, माणसे मागून यायची होती. गोट्या मोठ्या चिवट. कागदात दाबल्या तरी तीन-तीन आठवडे मरत नाहीत, दाबाखालीसुद्धा कोंब काढतात. फुले मात्र लगेच गळतात आणि घडीत सुटी पडून राहतात. म्हणून वाळवणखोलीचा एक नियम होता: एका वेळी एकच घडी उघडायची. ती मिटल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

त्या दुपारी तिने दोन घड्या उघडल्या होत्या. कामे लवकर उरकायची होती, कारण गाडी येणार असे सकाळपासून ऐकत होती. आणि खालून कुणीतरी ओरडले, "आली रे आली, खारोबा आला!" ती तशीच धावली. दार सताड उघडे, छताचा पंखा गरगर फिरत होता. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिचे गाल तापलेले होते, केसांत कसलातरी पाला अडकलेला होता आणि फुले जमिनीवर होती.

सहा धड मिळाली. बाकीची कुठे उडाली, किती तिच्याच चपलेखाली गेली, कुणास ठाऊक. एका झाडाच्या दांडीवर अजून तीन फुले टिकून होती, दुसऱ्याची दांडी अगदी उघडी. मग ही सहा त्या उघड्या दांडीचीच, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि घडी मिटली. पण जाण्याआधी त्या घडीत तिने बारीक, काळपट फुले पाहिली होती. ही मोठी होती आणि पिवळट. दुसऱ्या दिवशी केर काढताना कपाटाखाली एक बारीक काळे फूल सापडले. ते तिने हातात धरले, दोन बोटांत चुरडले आणि खिडकीबाहेर झटकले. भूल पहिल्या दिवशीची होती. दुसऱ्या दिवशीचे ते मात्र तिने समजून उमजून केले.

मोहिमेत फुले स्पिरिटमध्येही ठेवत, पण त्या झाडाची बाटली वाटेतच फुटली होती. राहिली ती शीटवरची. पाच महिन्यांनी मोठे सर या खोलीतून त्या खोलीत लहान मुलासारखे नाचत गेले. नवी जाती! दोन गटांना जोडणारी! आणि नाव कुणाचे द्यायचे? मोठ्या सरांनी लॅटिनमध्ये खारीला काय म्हणतात ते शोधून काढले आणि ते नाव त्या फुलाला दिले. "लोक खारीचा वाटा म्हणून लहान समजतात," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या खारोबाचा वाटा अठ्ठावीस मीटर उंच आहे." टाळ्या पडल्या. खारोबाने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घातली. त्या वेळी बोलायला डिंकताईचे तोंड उघडेना, आणि मग ते कधी उघडलेच नाही.

"ताई, झाली का दहा मिनिटं?"

पंधरा झाली होती. तिने हस्तिदंती पाते फुलाखाली सरकवले. फूल अलगद सुटले, तिच्या हाताला सवयच तशी. भिंगवालीने ते परीक्षानळीत टाकले, साबणाचा थेंब घातला आणि पाणी उकळले. वाळके फूल पाण्यात फुगू लागले. पाकळ्या उलगडल्या, ओठासारख्या पुढे आलेल्या पाकळीची झालर केस न् केस सुटी झाली. सत्तावीस वर्षांनी ते पुन्हा जिवंत असल्यासारखे दिसले. भिंगवालीने चिमट्याने जरासे टोकले, तर ओठ बिजागरीवर असल्यासारखा हलला.

"तस्संच!" भिंगवाली किंचाळलीच. "सरांनी लिहिलंय तस्संच आहे! मला आपली उगीच शंका होती. ताई, सोमवारी निघतोय आम्ही."

"कुठे?"

"हिला शोधायला! पाच जण, पाच आठवडे. दोर, पट्टे, सगळं जमवलंय. मी स्वतः चढणार. तीन मोहिमांना सापडली नाही, म्हणून तिचं नाव नामशेषांच्या यादीत टाकून मोकळे झाले लोक. मी नाही टाकणार. आणि हो, काका घरी असतात ना? त्यांनाच विचारते, कुठलं झाड, कुठली फांदी. आज संध्याकाळी आले तर चालेल?"

"आज नको," डिंकताई म्हणाली. "आज त्यांना बरं नाहीये."

पण भिंगवालीने फोन आधीच लावला होता. पलीकडून खारोबाचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अहो, या की! त्यात विचारायचं काय?" बरे नसलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. भिंगवालीने डिंकताईकडे जरा नवलाने पाहिले.

दुपारभर डिंकताईचे कामात लक्ष लागले नाही. खळीत गुठळ्या झाल्या, ती ओतून दिली, दुसरी केली तर पातळ झाली. एक नेचा उलटा चिकटवला आणि परत सोडवला. तीन मोहिमा. पहिलीत काही नाही, दुसरीत काही नाही. तिसरीच्या वेळी खारोबा निघताना तिने दारात उभे राहून, "यंदा नका जाऊ, गुडघा दुखतोय ना," एवढेच म्हटले. तो हसला. "माझं फूल मीच नाही शोधायचं तर कुणी?" अकरा मीटरवरून पडला. खुब्यात सळई बसली, डावा पाय दोन बोटे आखूड झाला आणि खारोबाला उरलेली नोकरी संग्रहालयाच्या बागेच्या फाटकावर तिकिटे फाडत काढावी लागली. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर पहिले वाक्य काय बोलला, तर "पुढच्या खेपेला नक्की." आणि ती चमच्याने त्याला पाणी पाजत राहिली. त्या क्षणी सांगायला हवे होते. पण आधी लाज होती, मग सरांचे नाव झाले, मग याचे झाले. आणि हा पडल्यावर तर सांगायचे तोंडच राहिले नाही. स्वतःबद्दल तिला त्या दिवसापासून चीड होती, आणि ती चीड घेऊन ती रोज वेळेवर कामावर येत होती.

संध्याकाळी दोघी घरी पोचल्या तेव्हा खारोबाने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"या मॅडम, या! चपला असू द्या हो. अगं, चहा टाक. बसा, या खुर्चीत बसा, त्या खुर्चीचा पाय माझ्यासारखाच आहे."

भिंगवाली हसत बसली. भिंतीवर छापील पानाची चौकट होती. त्यात ओठाचे चित्र तळहाताएवढे मोठे करून काढले होते, बाकी सगळे लॅटिन. त्या चित्रावरून फूल ओळखणे कुणाच्या बापाला जमले नसते. पण खारोबाने गेली सत्तावीस वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, ते दाखवले होते. मुलीने शाळेत 'माझे बाबा' निबंधात त्यावर दीड पान लिहिले होते.

"ओढा असा वळतो," खारोबाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघ ओढली. "इथे तीन झाडं. मधलं आपलं. पहिली फांदी सोडायची, ती किडकी आहे. दुसरीवर डावीकडे सरकायचं, पोटावर. तिथे."

"तुम्ही उभे राहून काढलंत?"

"उभं कसलं राहताय! एका हाताने फांदी, एका हाताने गोटी. खरवडायची, पिशवीत टाकायची, चिठ्ठी बांधायची आणि दोरीने खाली सोडायची. सर खाली टोपी धरून उभे."

"काका, नुसत्या नकाशावर मला ते सापडेल असं वाटत नाही हो."

खारोबाने पेन्सिल खाली ठेवली. मग जरा चाचरत, तो कधी चाचरत नसे, म्हणाला, "मी आलो तर? चढत नाही. खुर्ची टाकून खाली बसतो. नुसतं बोट दाखवतो."

"खरंच याल? जीप आहे आपली, अगदी झाडापर्यंत नाही, पण जवळ जाते."

"जवळ म्हणजे किती? तीन किलोमीटर? जातो हो मी. हळूहळू जातो. अगं, ऐकलंस का? माझे ते बूट कुठे ठेवलेस?" आणि तो काठी न घेताच उठला. पलंगाची कड धरत, कपाटाचे दार धरत, एखाद्या पोरासारखा आतल्या खोलीकडे निघाला. डिंकताई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. इतका आनंद तिने त्याच्या तोंडावर तो पडल्यापासून पाहिला नव्हता, आणि तो तिला बघवेना.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"का? सळईला काही होत नाही. डॉक्टरच म्हणाले, चालत राहा."

"तिथे काही नाहीये."

"असं कसं नाही? तीन खेपा नाही दिसलं म्हणून काय..."

"ती फुलं त्या झाडाची नाहीत." तिने कप टेबलावर ठेवले. "दोन घड्या उघड्या होत्या. पंख्याने फुलं खाली पडली. मी जमिनीवरून गोळा केली आणि भलत्याच झाडात घातली. मॅडम, तसं झाड जगात नाहीच. एकाची पानं आहेत आणि दुसऱ्याची फुलं."

भिंगवालीचा हात आपोआप भिंगाकडे गेला.

खारोबा आधी हसला. "हिचं काहीतरीच. मॅडम, ही घाबरते. मी पडलो ना, तेव्हापासून..." मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि थांबला. कपाटाचे दार त्याच्या हातात तसेच होते.

"तुला कधी कळलं हे?"

"दुसऱ्याच दिवशी. त्याचं खरं फूल कपाटाखाली सापडलं होतं. मी ते फेकून दिलं."

"म्हणजे मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी पडलो, तेव्हा?"

"हो."

भिंगवालीने हळूच कॅलेंडर बाजूला सारले. खारोबा काठीशिवायच परत आला आणि खुर्चीत बसला. त्याला खूप वेळ लागला. बसल्यावर तो पाहुणीला म्हणाला, "चहा घ्या मॅडम, निवेल."

भिंगवाली गेल्यावर डिंकताईने सगळे सांगितले. गाडी आल्याची हाक, उघडे दार, धावत उतरलेला जिना. "तुम्ही आला होतात," ती म्हणाली. "सात आठवड्यांनी. मला दुसरं काही सुचलंच नाही." तो ऐकत होता की नाही, कळत नव्हते. तिने पान वाढले, तो जेवला. भांडला असता, ताट फेकले असते, तर तिला बरे वाटले असते. तिला रडू आले, पण त्याच्यासमोर रडायचा आपल्याला काय हक्क, असे वाटून ती मोरीत जाऊन भांडी घासत बसली.

सकाळी ती निघाली तेव्हा तो दारात तयार होऊन उभा होता. कालचाच शर्ट.

"मला ते शीट बघायचंय," तो म्हणाला.

त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. आधी म्हणायचा, मी झाडावर पाहिलंय, कागदावर काय बघायचं. पुढे एकदोनदा त्याने विषय काढला, तर तिनेच, तांबडी फाइल कुणाला दाखवत नाहीत, म्हणून उडवून लावले होते. संग्रहालय दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चाळीस. तो एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढला. वर भिंगवाली आधीच येऊन बसली होती. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते, आणि टेबलावर दोन्ही गटांची वीसेक शीटे पसरली होती.

खारोबाने भिंग डोळ्याला लावले. बराच वेळ पाहिले. मग भिंगाशिवाय पाहिले.

"ही पानं माझ्या झाडावरचीच," तो म्हणाला. "उन्हातली आहेत, म्हणून एवढी जाड. पण ही फुलं..." त्याने कागदाला न लागेल असे बोट फिरवले. "ही मासळीची आहेत."

"मासळीची?" भिंगवालीने विचारले.

"सडक्या मासळीचा वास यायचा. ओढ्यावर वाकलेलं एक झाड होतं, खालच्या अंगाला, सावलीत. त्याच दिवशी दुपारी काढली. शर्टाला चार दिवस वास होता. घरी आल्यावर हिने तीनदा धुतला तो शर्ट." त्याने प्रथमच बायकोकडे पाहिले. "वाळल्यावर वास जातो, सरांना कुठून कळणार? ते झाडावर कधी चढलेच नाहीत. पण मला कळलं असतं. तू एकदा जरी वर बोलावलं असतंस, तरी मी सांगितलं असतं."

डिंकताई टेबलाची कड धरून उभी राहिली.

भिंगवालीने पसरलेल्या शीटांतून दोन उचलून पुढे ठेवली. सावलीतले, वास मारणारे, झालरीचे. आणि उन्हातले, जाड पानाचे, बारीक काळ्या फुलांचे. दोन्ही जुन्या ओळखीच्या जाती, शंभर वर्षांपूर्वीच नावे मिळालेल्या. खारोबाने दोन्हींवर मान हलवली.

"म्हणजे काका, नवीन असं..."

"नाहीच. कळलं मला."

"सोमवारचं रद्द करते. दोन्ही गट परत वेगळे करावे लागतील. सरांच्या नंतरची सगळी पुस्तकं चुकली."

"सरांचं नाव खराब होईल का हो?"

"सरांनी समोर होतं ते बरोबर वाचलं. तसंच लिहीन मी."

संग्रहालयात जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत. नाव चुकीचे ठरले, तर तारीख घालून नवी चिठ्ठी शेजारी लावतात, आणि दोन्ही तिथेच राहतात. भिंगवालीने काळ्या शाईने लिहायला घेतले. झाड अमुक जातीचे, फुले तमुक जातीची. खारीचे नाव आता कशालाच लागू नाही. "नमुन्याची ओळख पटवणारा" यापुढे तिने खारोबाचे खरे नाव लिहिले, आणि मग पेन थांबले.

"सरमिसळ कशी झाली, तेही लिहावं लागतं," ती कुणाकडेच न बघता म्हणाली.

"पंखा चालू होता," खारोबा म्हणाला. "वाऱ्याने मिसळली, असं लिहा. खोटं नाही ते."

"नाही," डिंकताई म्हणाली. "वाळवताना माझ्या हातून मिसळली, असं लिहा."

भिंगवालीने तसे लिहिले आणि चिठ्ठी डिंकताईपुढे केली, कारण चिकटवायचे काम तिचेच. तिने खळ लावली, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही, आणि सुरकुती न पाडता चिठ्ठी बसवली. काल सोडवलेल्या फुलाची जागा मोकळी होती. उरलेल्या पाच फुलांना तिने हात लावला नाही.

उतरताना ती त्याच्याबरोबर निघाली. एरवी जिना उतरताना तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, वजन टाकायचा आणि वर गंमत करायचा. आज त्याने कठडा धरला. दोन्ही पाय टेकवत, पायरी पायरीने उतरला. आणि ती एक पायरी मागे, हात जवळ नेऊन परत घेत. एका पायरीवर त्याचा पाय लटपटला, तिच्या तोंडून "अहो" निघाले. त्याने स्वतःला सावरले आणि मागे न बघता पुढची पायरी घेतली.

फाटकापाशी तो थांबला. दम लागला होता. रस्त्याकडे बघत त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"येताना कमरेचं मलम आण," तो म्हणाला. "संपलंय."

"आणते," ती म्हणाली. तो निघाला, आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली.